इन्सुलेशन केलेल्या जुन्या घरासाठी हीट पंप यंत्रणा : नागपुरात काय निवडावे?

प्रश्न : धरमपेठ_रहिवासी

नमस्कार. धरमपेठेतील आमच्या दुमजली घराचे नूतनीकरण सुरू आहे आणि काम आता अशा टप्प्यावर आले आहे की वातानुकूलनाचा निर्णय आणखी लांबवता येणार नाही. पुढच्या महिन्यात आतले प्लास्टर आणि फॉल्स सीलिंग सुरू होईल आणि त्याआधी कॉपर पाइप, निचऱ्याची नळी व वायरिंग कुठून न्यायचे हे गवंड्याला सांगावे लागेल.

घर १९८० च्या दशकातले, ९ इंची विटांच्या भिंतींचे आहे. गच्चीवर ७५ मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) बोर्ड टाकून त्यावर कोबा आणि पांढरे चायना मोझॅक केले आहे. पश्चिम व दक्षिण भिंतींना बाहेरून ५० मिलिमीटरचे बोर्ड लावून त्यावर प्लास्टर केले, खिडक्या दुहेरी काचेच्या यूपीव्हीसीच्या बसवल्या आणि पश्चिमेकडच्या खिडक्यांना बाहेरून झडपा केल्या. परिणाम आम्हाला लगेच जाणवला. पूर्वी मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्री ११ वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावला, तर तो तिथे फार वेळ ठेवता येत नसे आणि पंखा लावला की तीच धग अंगावर येई. या वर्षी नवतपा सुरू असतानाही छत हाताला कोमट लागले.

आम्ही दोघे, दोन मुले आणि माझी ८१ वर्षांची आई असे पाच जण घरात राहतो. वर तीन शयनकक्ष, खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईची खोली. आईला उन्हाळा सोसत नाही आणि डिसेंबर-जानेवारीतली थंडीही सोसत नाही, म्हणून थंड आणि गरम अशी दोन्ही कामे करणारी यंत्रणा हवी आहे.

सध्या तीन प्रस्ताव समोर आहेत. एका ठेकेदाराने ८ एचपीचे एकच आउटडोअर युनिट आणि पाच इनडोअर युनिटे अशी व्हीआरएफ यंत्रणा सुचवली आहे. दुसऱ्याने प्रत्येक खोलीत दीड टनाचा स्वतंत्र ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी लावायला सांगितले आहे. तिसरी सूचना जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकांची आहे. त्यांच्या घरी हवेतून उष्णता घेऊन पाणी तापवणारा हीट पंप आहे आणि ते पाणी फरशीखालच्या नळ्यांतून फिरते. त्याच पद्धतीने उन्हाळ्यात थंड पाणी फिरवता येईल आणि अंघोळीचे पाणीही त्याच पंपावर तापेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या हवामानात आणि आता इन्सुलेशन झालेल्या या घरात यांपैकी काय योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.


उत्तर : वातानुकूलन_अभियंता

आपण आधी घर सुधारले आणि यंत्राचा विचार नंतर केला, हा क्रम योग्य आहे. आपल्याला मिळालेल्या पहिल्या दोन प्रस्तावांत मात्र त्या सुधारणेचा मागमूस दिसत नाही. १०० ते १२० चौरस फुटांना १ टन हा बाजारातला ठोकताळा तापलेल्या उघड्या स्लॅबच्या घरांवरून पडलेला आहे आणि तोच आपल्या घराला जसाच्या तसा लावलेला दिसतो. त्यामुळे कोणताही प्रस्ताव स्वीकारण्याआधी ठेकेदाराकडे प्रत्येक खोलीचा उष्णताभार, म्हणजे यंत्राला त्या खोलीतून किती उष्णता काढावी लागेल तो आकडा, लेखी मागावा.

हा भार किती बदलला असेल, याचा अंदाज आपल्यालाही काढता येतो. वरच्या मजल्यावरची १२ बाय १४ फुटांची, म्हणजे साधारण १५.६ चौरस मीटरची खोली घ्या. मे महिन्यात दुपारी उन्हात तापलेल्या गच्चीचा पृष्ठभाग आणि आतली हवा यांच्यात ३८ अंशांचा फरक धरला, तर उघड्या काँक्रीट स्लॅबमधून (दर चौरस मीटरला दर अंशाला सुमारे ३.५ वॅट या हिशेबाने) २,००० वॅटहून अधिक उष्णता खोलीत उतरते. ७५ मिलिमीटर एक्सपीएसनंतर तोच आकडा २०० वॅटच्या जवळपास येतो. १ टन म्हणजे ३,५१७ वॅट, त्यामुळे एका खोलीच्या छतानेच अर्ध्या टनाहून अधिक भार वाचवला. राहिलेल्या भिंती, झडपांची सावली असलेली खिडकी, दोन माणसे, दिवे आणि ताजी हवा हे सगळे मिळवले तरी ऐन दुपारी ही खोली १,४०० ते १,६०० वॅटच्या पुढे जाऊ नये, म्हणजे अर्ध्या टनाहूनही कमी. तिथे दीड टनाचे यंत्र सुचवले गेले आहे. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये छतासाठी दर चौरस मीटरला दर अंशाला १.२ वॅट ही कमाल मर्यादा आहे आणि आपले छत त्याहून कितीतरी चांगले आहे, हेही ठेकेदाराला सांगा.

मोठे यंत्र घेतले तर बिघडले कुठे, असा प्रश्न साहजिक आहे. मे महिन्यात फारसे बिघडत नाही, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि यंत्र खोली चटकन थंड करून मंद वेगाने चालत राहते. अडचण जुलै-ऑगस्टमध्ये येते. त्या दिवसांत बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, २४ अंशांच्या आसपास असतो. दोन माणसांसाठी लागणारी ताजी हवा, समजा सेकंदाला १६ लिटर, आत आली तर ती तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी बाष्परूपात घेऊन येते. रात्रभरात ते चार लिटर झाले. इन्सुलेशनमुळे खोलीत येणारी उष्णता कमी झाली, पण बाष्प मात्र तेवढेच राहिले, म्हणून यंत्रापुढचे काम निम्मे थंड करण्याचे आणि निम्मे पाणी काढण्याचे होऊन बसते. मोठा इन्व्हर्टर एसी अशा वेळी वेग इतका उतरवतो की त्याची कॉइल पुरेशी गार राहत नाही, किंवा तो सारखा बंद-चालू होतो आणि कॉइलवर साठलेले पाणी परत हवेत मिसळते. तापमान २५ अंश दिसते आणि चादर दमट लागते. मग लोक तापमान २१ वर नेतात, वीज वाया जाते आणि भिंतींना बुरशी येते. इन्सुलेशन केलेल्या घरात मी पाहिलेल्या तक्रारींपैकी सर्वांत मोठा भाग हाच आहे, म्हणून माझा आग्रह आहे की शयनकक्षांसाठी ०.८ किंवा फार तर १ टनाचेच यंत्र पाहावे आणि खरेदीपूर्वी माहितीपत्रकात कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही तपासावी. ती जितकी कमी तितके चांगले.

दुसरी गोष्ट नागपूरच्या उन्हाची. एसीवर छापलेली क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. तारांकनासाठी वापरला जाणारा ‘आयएसईईआर’ हा वार्षिक निर्देशांक २४ ते ४३ अंशांच्या दरम्यानच्या, वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर बेतलेला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीवर बंदिस्त जागेत ठेवलेल्या आउटडोअर युनिटभोवती तो त्याहूनही वर असतो. म्हणून कंपनीकडून ४६ अंशांची क्षमता आणि त्या वेळी लागणारी वीज यांचा तक्ता मागून घ्यावा. ‘५२ अंशांपर्यंत चालते’ या जाहिरातीचा अर्थ त्या तापमानाला यंत्र बंद पडत नाही एवढाच आहे. ते तेव्हा किती थंडावा देते, हे तक्त्यावरूनच कळेल.

आता आपल्या तीन प्रस्तावांबद्दल. ८ एचपीची व्हीआरएफ म्हणजे सुमारे २२ किलोवॅट, जवळजवळ साडेसहा टन. आपल्या घराचा एकूण भार माझ्या अंदाजाने त्याच्या निम्म्याच्या आसपास राहील. रात्री दोन किंवा एकच शयनकक्ष चालू असेल, तेव्हा आउटडोअर युनिटचा किमान वेगसुद्धा गरजेपेक्षा जास्त ठरेल आणि वर सांगितलेला बंद-चालूचा प्रकार सुरू होईल. त्याहून मोठी चिंता वेगळी आहे. पाच खोल्या एका आउटडोअर युनिटवर असतील आणि त्याचा सर्किट बोर्ड मेच्या तिसऱ्या आठवड्यात जळाला, तर ८१ वर्षांच्या आईंसह सगळे घर एकाच वेळी थंडाव्यावाचून राहील, आणि त्या दिवसांत शहरातला प्रत्येक टेक्निशियन कामात बुडालेला असतो. स्वतंत्र यंत्रांमध्ये एक बंद पडले तर शेजारच्या खोलीत झोपता येते.

फरशीखालच्या नळ्यांची पद्धत जर्मनीसाठी उत्तम आहे. तिथे वर्षातला मोठा काळ घर गरम ठेवावे लागते, ३५ अंशांच्या पाण्यावर फरशी उबदार राहते आणि पंपाला उष्णता फार वर चढवावी लागत नसल्यामुळे तो कमी विजेत काम करतो. आपल्याकडे गरम करण्याची गरज वर्षाकाठी काही आठवड्यांच्या रात्रींपुरतीच आहे. त्याच नळ्यांतून पावसाळ्यात थंड पाणी फिरवले आणि फरशी दवबिंदूच्या खाली गेली, तर फरशीवर पाणी सुटेल, आणि घरात वृद्ध व्यक्ती असताना ओली फरशी हा धोका कोणी पत्करू नये. ते टाळायचे तर हवा कोरडी करणारी वेगळी यंत्रणा लागेल, म्हणजे खर्च दुप्पट.

माझे मत स्वतंत्र, लहान आणि दोन्ही दिशांनी चालणाऱ्या इन्व्हर्टर एसींच्या बाजूने आहे. हे यंत्र हीट पंपच असते. त्यातला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह वायूचा प्रवाह उलटवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत रात्री बाहेर १० अंश असताना एक युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता मिळणे शक्य असते. थंड प्रदेशात आउटडोअर कॉइलवर बर्फ जमून जो त्रास होतो, तो इथे जवळजवळ येत नाही. पाचही यंत्रे मात्र या प्रकारची घेण्याची गरज नाही. आईंच्या खोलीत आणि फार तर मुलांच्या खोलीत ती घ्यावीत. इन्सुलेशन झालेल्या बाकीच्या खोल्या दिवसाच्या उन्हावर आणि माणसांच्या उबेवर हिवाळा काढतील.


उत्तर : प्रतापनगर_कूलरप्रेमी

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण नागपूरच्या घराचा विचार कूलर वगळून करणे मला पटत नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे हा कोरडा उन्हाळा आहे आणि या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाइतके स्वस्त थंड करणारे साधन दुसरे नाही.

आकडे पाहा. मेच्या दुपारी बाहेर ४४ अंश असताना ओल्या फडक्याच्या तापमापकावर २३ च्या आसपास दिसतात; पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा फार तर तेवढीच थंड होऊ शकते. चांगल्या पॅडचा कूलर या दोहोंतल्या फरकाच्या ८० टक्के काम करतो, म्हणजे २७ अंशांची हवा खोलीत येते. ही सगळी ताजी हवा असते आणि कूलरला फक्त पंखा व पाण्याच्या पंपापुरतीच वीज लागते. जुलैत बाहेर ३२ आणि ओला तापमापक २६ दाखवतो. हिशेब केला तर तेव्हाही कूलरमधून २७ अंशांचीच हवा निघते, पण तिची आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते आणि तीत घाम वाळत नाही. मृगाचा पाऊस पडला की नागपूरकर कूलर बंद करतो, त्याचे कारण हेच.

म्हणून माझी सूचना अशी की हॉल आणि स्वयंपाकघरासाठी खिडकीतला मोठा कूलर ठेवावा, आणि त्यासाठी हॉलच्या एका खिडकीचा भाग उघडता-बंद करता येईल असा आताच करून घ्यावा. कूलर चालू असताना हवा बाहेर जाण्यासाठी समोरच्या बाजूची खिडकी उघडी असावी लागते. बंद घरात कूलर लावला तर दोन तासांत मेमध्येही जुलैसारखे वाटू लागते. हंगाम संपल्यावर कूलरचे तोंड फोमची पट्टी असलेल्या झडपेने घट्ट बंद झाले पाहिजे, नाहीतर दुहेरी काचेच्या खिडक्यांवर केलेला खर्च त्या एका भोकातून वाया जाईल. वाळ्याच्या ताट्यांचा वास मलाही प्रिय आहे, पण त्या लवकर गाळाने भरतात. जाळीदार कागदी पॅड जास्त टिकतात. बोअरच्या जड पाण्याने त्यांवर क्षार चढतो, म्हणून कूलरच्या टाकीत शक्यतो पेंच धरणातून येणारे नळाचे पाणी भरावे आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. डेंग्यूच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे.

शयनकक्षांसाठी एसीच योग्य, याबद्दल वाद नाही. फक्त एक जोडतो. घर आता चांगलेच हवाबंद झाले असेल. रात्री दारे लावून दोन-तीन माणसे झोपली की सकाळी डोके जड होते, कारण साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. उष्णता व बाष्प परत मिळवणारे ताज्या हवेचे यंत्र, ज्याला ठेकेदार ईआरव्ही म्हणतात, त्याच्या नळ्यांसाठी फॉल्स सीलिंगमध्ये आताच जागा ठेवावी. वर सांगितलेल्या रात्रीच्या चार लिटर पाण्यापैकी निम्म्याहून अधिक ते बाहेरच अडवू शकते. यंत्र पुढच्या वर्षी घेतले तरी चालेल, पण सीलिंग पुन्हा फोडावे लागू नये.


उत्तर : गरम_पाणी_सौर

अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न बाजूला पडला आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. माझे काम याच क्षेत्रातले आहे.

पाच जणांच्या घरात हिवाळ्यात दिवसाला २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचे झाले, तर सुमारे ७ युनिट उष्णता लागते. साध्या गिझरला तेवढीच वीज लागेल. हवेतून उष्णता घेणारा पाणी-हीट पंप आपल्या हिवाळ्यात ती दोन ते अडीच युनिटांत देतो. फरक मोठा आहे, पण तो वर्षातले किती दिवस मिळणार हे आधी पाहावे. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी इतके तापते की अंघोळीसाठी ते सकाळीच भरून ठेवावे लागते, आणि एप्रिल ते जूनमध्ये गिझरचे बटण कोणी दाबत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पावसाळ्यातले ढगाळ दिवस. या हिवाळी महिन्यांत नागपूरचे आकाश बहुतेक निरभ्र असते, त्यामुळे गच्चीवर आधीपासून सौर बंब असेल आणि त्याच्या नळ्या शाबूत असतील तर तो काढू नये. त्याच्या जोडीला पावसाळ्यासाठी एक लहान गिझर पुरेसा आहे.

सौर बंब नसेल, किंवा ती जागा सौर पॅनेलसाठी हवी असेल, तर मात्र पाणी-हीट पंप घेणे शहाणपणाचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि ३ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. हीट पंपाला टायमर लावून तो दुपारी १२ ते ३ चालवला, तर तेव्हा हवाही उबदार असते आणि वीजही गच्चीवरची असते. टाकी २०० लिटरची घ्यावी आणि आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांपर्यंत नेण्याची सोय आहे का ते पाहावे. कोमट पाणी दीर्घकाळ साठवले की त्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात आणि घरात वृद्ध व्यक्ती असल्याने ही सोय असायलाच हवी. टाकीला गंज लागू नये म्हणून तिच्यात बसवलेला मॅग्नेशियमचा दांडा दरवर्षी तपासून घ्यावा. बोअरच्या पाण्यावर तो लवकर झिजतो.

हा पंप चालताना थंड हवा बाहेर टाकतो. तो स्वयंपाकघराशेजारच्या धुण्या-भांड्यांच्या जागेत ठेवला, तर ती थंड हवा तिथे काम करणाऱ्याला मिळेल. बंद कपाटात मात्र तो कधीही ठेवू नये.


उत्तर : भूगर्भ_विद्यार्थिनी

जमिनीत बोअर घेऊन चालणाऱ्या हीट पंपाचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. कल्पना आकर्षक आहे, कारण काही मीटर खोलीवर इथल्या जमिनीचे तापमान वर्षभर २७ अंशांच्या आसपास स्थिर असते आणि ४५ अंशांच्या हवेत उष्णता टाकण्यापेक्षा २७ अंशांच्या खडकात टाकणे यंत्राला सोपे जाते. पश्चिम नागपूर बेसाल्टवर, तर पूर्वेकडचा बराच भाग जुन्या नाइससारख्या खडकांवर वसलेला आहे. म्हणजे धरमपेठेत बोअर घेताना लवकरच कठीण काळा पाषाण लागेल.

खरी अडचण उष्णतेच्या असमतोलाची आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते आणि उन्हाळ्यात काही प्रमाणात ती परत टाकली जाते. आपल्याकडे आठ महिने जमिनीत उष्णता टाकली जाईल आणि जेमतेम दोन महिने थोडीशी काढली जाईल, त्यामुळे बोअरभोवतालचा खडक वर्षागणिक तापत जाईल आणि फायदा घटत जाईल. मोठ्या संस्थेच्या आवारात पुष्कळ बोअर अंतराअंतरावर घेऊन हे सांभाळता येते. शहरातल्या भूखंडावर एका घरासाठी ते करू नये असे मला वाटते.


प्रतिसाद : धरमपेठ_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही ठेकेदारांकडे खोलीनिहाय उष्णताभार मागितला. व्हीआरएफ सुचवणाऱ्यांनी तो देण्याचे टाळले. दुसऱ्या ठेकेदाराने हिशेब करून दिला आणि त्यात वरच्या खोल्या अर्ध्या टनाच्या आसपासच निघाल्या, तेव्हा त्याने स्वतःच दीड टनाचा आग्रह सोडला. आता वरच्या तीन खोल्यांत ०.८ टनाची आणि आईच्या खोलीत १ टनाचे थंड-गरम यंत्र घेण्याचे ठरत आहे. आईची खोली मोठी आहे आणि दिवसाही वापरात असते. हॉलमध्ये कूलर राहील आणि पावसाळ्यासाठी तिथे १ टनाच्या एसीचे पाइप टाकून ठेवू. सौर बंब चांगल्या स्थितीत आहे, म्हणून तो ठेवत आहोत. ईआरव्हीच्या नळ्यांची जागा सीलिंगच्या नकाशात घेतली आहे.

दोन शंका उरतात. वास्तुविशारदांना आउटडोअर युनिटे पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यात, पुढे जाळी लावून ठेवायची आहेत, म्हणजे दर्शनी भाग बिघडणार नाही. ते योग्य होईल का? आणि पाइप भिंतीत गाडून प्लास्टर करताना काय काळजी घ्यावी?


उत्तर : वातानुकूलन_अभियंता

कोनाड्याला कृपया नकार द्यावा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ऊन असते आणि जाळीमागे अडलेली गरम हवा युनिट पुन्हा आत ओढते, त्यामुळे ४५ अंशांच्या दिवशी यंत्राला ५० अंशांहून अधिक तापलेल्या हवेत काम करावे लागते. ज्या दिवशी थंडाव्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्या दिवशी क्षमता घटते. उत्तरेची भिंत असेल तर सर्वांत उत्तम. ती नसेल तर गच्चीवर स्टँड करून युनिटे फरशीपासून फूटभर उंच ठेवावीत, वर पत्र्याची सावली करावी आणि चारही बाजू मोकळ्या सोडाव्यात. दोन युनिटे समोरासमोर तोंड करून ठेवू नयेत. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत पाइप लांब होत असेल, तर कंपनीने दिलेल्या लांबीच्या आणि उंचीच्या मर्यादेत तो बसतो का आणि त्यासाठी जादा गॅस लागतो का, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

भिंतीत जाणाऱ्या पाइपमध्ये एकही जोड नसावा, अखंड कॉपर पाइपच गाडावा. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे नायट्राइल रबरचे आवरण हवे. एकाच आवरणात दोन्ही गुंडाळल्या तर पावसाळ्यात भिंतीवर ओलीचे डाग उमटतात. प्लास्टरपूर्वी पाइपमध्ये कंपनीने सांगितलेल्या दाबाचा नायट्रोजन भरून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावा आणि दाबमापकावरचा काटा हललेला नाही हे आपण स्वतः पाहावे. यंत्र बसवताना व्हॅक्यूम पंप लावूनच पाइपमधली हवा आणि ओल काढली पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याची जी जुनी सवय आहे, ती आर-३२ वायूच्या यंत्रात चालवून घेऊ नये. हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील आहे आणि पाइपमध्ये राहिलेली ओल कॉम्प्रेसरचे आयुष्य कमी करते.

निचऱ्याच्या नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार द्यावा आणि तिलाही आवरण घालावे. प्लास्टर करण्याआधी प्रत्येक नळीत वरून बादलीभर पाणी ओतून ते खाली अडखळत न येता बाहेर पडते का, हे पाहून घ्यावे. आईंच्या खोलीत इनडोअर युनिट पलंगाच्या डोक्यावर किंवा थेट समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावावे, म्हणजे थंड वा गरम हवेचा झोत अंगावर येणार नाही. पावसाळ्यात तिथे पंख्याचा वेग ‘लो’ आणि तापमान २५ किंवा २६ ठेवावे, आणि हवा दमट वाटली तर तापमान उतरवण्याआधी ‘ड्राय’ मोड लावून पाहावा.